टारझन, जलपरी आणि पाण्याबाहेरचं डोकं

गिरगावचे एक वाचक विचारतात: ताई, आमचे बाबा जुने टारझनचे पिक्चर लॅपटॉपवर लावून बसतात आणि दरवेळी आम्हाला ऐकवतात की हा हिरो ऑलिम्पिक चॅम्पियन होता. आम्ही घरचे सगळे हसतो. खरं आहे का हे? आणि असेल तर हॉलिवूडला अभिनय येणारा माणूस मिळत नव्हता का?

हसू नका, बाबा शंभर टक्के बरोबर आहेत. जॉनी वाइसम्युलर. ऑलिम्पिकची पाच सुवर्णपदकं, त्यातली तीन १९२४ च्या पॅरिसला आणि दोन १९२८ च्या ॲमस्टरडॅमला, वर पॅरिसलाच वॉटर पोलोचं एक ब्राँझ. पण पदकांपेक्षा मला त्याची १९२२ ची गोष्ट जास्त भारी वाटते. तोपर्यंत १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत कुणीच पोहलेलं नव्हतं, हवाईचा ड्यूक कहानामोकू १ मिनिट ००.४ सेकंदांपर्यंत पोचून थांबला होता, आणि या अठरा वर्षांच्या पोरानं एकदम ५८.६ लावलं. दोन वर्षांनी पॅरिसच्या फायनलला त्याच ड्यूकला त्यानं मागे टाकलं, वेळ ५९ सेकंद. बरोबर शंभर वर्षांनी, २०२४ ला, पॅरिसलाच चीनच्या पान झानलेनं ४६.४० केलं, म्हणजे शंभर वर्षांत साडेबारा सेकंदांहून थोडे जास्त कमी झाले. आता म्हणाल एवढंच? पण जॉनीच्या वेळी स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, तलावाच्या काठावरून उडी मारायची, डोळ्याला गॉगल नाही, भिंतीपाशी आज मारतात तशी कोलांटी नाही, आणि अंगात खांद्यापासून मांडीपर्यंतचा सूट. त्यात ५९ म्हणजे काय ते पोहणाऱ्यांना विचारा.

जन्म १९०४ चा, आज रोमानियात असलेल्या भागातला, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी होतं. आईबाप तान्ह्या बाळाला घेऊन अमेरिकेला गेले, पुढे शिकागो. ऑलिम्पिकच्या वेळी अमेरिकन असल्याचा पुरावा पाहिजे, तर अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावाची जन्माची माहिती स्वतःची म्हणून लावली आणि पाच सुवर्णं आणली. कागदपत्रांची ही भानगड फक्त आपल्याकडेच चालते असं वाटत असेल तर नाही हो.

आता अभिनयाचं. पोहणं सोडल्यावर तो बीव्हीडी नावाच्या कंपनीचे स्विमिंग सूट घालून जाहिराती करत होता, तिथून हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनं उचलला आणि १९३२ ला त्याचा पहिला टारझन आला. तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याला डायलॉग झेपले नसते. मूळ पुस्तकातला टारझन लॉर्ड-बिर्ड, अनेक भाषा फाडफाड बोलणारा, आणि स्टुडिओनं काय केलं तर त्याची भाषाच काढून घेतली. दोनचार शब्द आणि एक आरोळी. लेखक बरोज यावर अजिबात खूष नव्हता. पण मला वाटतं स्टुडिओ हुशार निघाला, कारण या माणसाला पाण्यात सोडलं की बाकी काही लागतच नाही, नदी आली की कॅमेरा नुसता त्याच्या मागे मागे, आणि बघणारा हलत नाही. १९४८ पर्यंत बारा टारझन केले त्यानं. मग वजन वाढलं तेव्हा कपडे घालून जंगल जिम नावाचे पिक्चर. ते बाबांना दाखवू नका, वाईट वाटेल.

दादरच्या एक आई लिहितात: मुलगा नऊ वर्षांचा, शिवाजी पार्कच्या तलावावर जातो. आजोबांनी मोबाईलवर टारझन दाखवल्यापासून डोकं वर काढून पोहतो, कोच ओरडतात. आजोबा म्हणतात चॅम्पियन असाच पोहायचा. कोणाचं ऐकू?

कोचचं. पण आजोबा खोटं बोलत नाहीयेत, त्यामुळे घरात भांडण होऊ देऊ नका.

जॉनी खरंच छाती आणि डोकं पाण्याच्या वर ठेवून पोहायचा, तीच त्याची ओळख होती. फायदा असा की आजूबाजूचा कोण कुठे आहे ते दिसतं, श्वास सहज मिळतो, आणि वॉटर पोलो खेळणाऱ्याला तर चेंडूसाठी असंच पोहावं लागतं. पण डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर पाण्यात तिरकं होतं आणि पाणी अडवायला लागतं, म्हणजे ब्रेक लावून गाडी चालवल्यासारखं. जॉनी यातून सुटायचा तो पायांच्या जोरावर, त्याची किक इतकी जबरदस्त होती की मागचा भाग खाली जायचाच नाही. शिवाय सहा फुटांच्या वर उंची, त्यात बॅकराक नावाच्या कोचनं शिकागोत घासून घासून तयार केलेला. नऊ वर्षांच्या पोराकडे हे काहीच नाही. त्याला डोकं खाली घालून तळाकडे बघत पोहू दे, श्वासाला मान बाजूला वळवायची, उचलायची नाही.

आता यातली गंमत. आज जो चॅम्पियन आहे त्याचा चेहरा पोहताना दिसतो का? टोपी, गॉगल आणि फेस, बास. जॉनीची जी पद्धत आज चुकीची मानतात तीच सिनेमाला हवी होती, कारण माणूस जीव खाऊन पोहतोय आणि त्याचा चेहरा पूर्ण वेळ पडद्यावर आहे. दुसऱ्या पद्धतीनं पोहणारा असता तर पाच सुवर्णं असूनही एमजीएमनं घेतला असता का याची मला शंका आहे.

माहीमच्या एक आजी विचारतात: आम्ही लहानपणी मेट्रोला एस्थर विल्यम्सचा पिक्चर बघितला होता. बाई पाण्यातून वर यायची तर केस जागच्या जागी, लिपस्टिक जशीच्या तशी! तेव्हापासून मनात आहे, हे करायचे कसे?

आजी, मेट्रो म्हणजे एमजीएमनं स्वतः बांधलेलं थेटर, १९३८ चं, त्यामुळे त्यांच्या घरची जलपरी तिथे येणारच.

केसांचं उत्तर ऐकून हसाल. व्हॅसलीन आणि कोमट बेबी ऑइल एकत्र करून डोक्याला थापायचे, त्यावर खोट्या वेण्या पिनांनी घट्ट बसवायच्या, आणि तोंडाला पाण्यात न विरघळणारा क्रीमसारखा मेकअप. शूटिंग संपल्यावर ते डोकं धुवायचं म्हणजे काय शिक्षा असेल! आपल्या शिकेकाईनं हात टेकले असते.

पण ही बाई नुसती नटलेली बाहुली नव्हती. कॅलिफोर्नियात लहानपणी तलावावर टॉवेल मोजायचं काम करून त्याच्या बदल्यात पोहायला मिळवायची. १९३९ ला १०० मीटर फ्रीस्टाइलची अमेरिकेची राष्ट्रीय विजेती, पुढच्या ऑलिम्पिकला जाणार हे नक्की, आणि महायुद्धामुळे १९४० चं ऑलिम्पिकच रद्द झालं. जॉनीला पदकं मिळून सिनेमा मिळाला, हिला पदकाची संधीच मिळाली नाही. मग सॅन फ्रान्सिस्कोला बिली रोझच्या पाण्यातल्या शोमध्ये गेली, आणि तिथे जोडीला कोण, तर आपला जॉनी! रोझला वेगवान पोहणारी नको होती, सुंदर पोहणारी हवी होती. म्हणजे शिकलेलं सगळं उलटं करायचं, मान वर, हसू चेहऱ्यावर, घाई नाही. हे वेगापेक्षा कठीण असतं हां, विश्वास नसेल तर पाण्यात उभं राहून हसून बघा, नाकातोंडात जाईल.

१९४४ च्या बेदिंग ब्यूटीनंतर ती स्टार झाली आणि एमजीएमनं तिच्यासाठी स्टुडिओत खास तलावाची सोय केली. १९५२ ला तिनं ॲनेट केलरमन या ऑस्ट्रेलियन पोहणारीची भूमिका केली, तीसुद्धा पोहण्यातून मूकपटात गेलेलीच. त्यात उंचावरून सूर मारायचा होता आणि डोक्यावर धातूचा मुकुट, पाण्याला लागताच मुकुटानं मान मागे ढकलली आणि मानेचे मणके मोडले. कित्येक महिने प्लास्टरमध्ये होती. पडद्यावर मात्र सगळं फुलासारखं दिसतं. पुढे हे तालावरचं पोहणं १९८४ ला ऑलिम्पिकमध्ये आलं, त्यात तिच्या पिक्चरांचा मोठा हात होता.

परळचा एक कॉलेजवाला: आपल्याकडे असं कुणी झालं नाही का?

टारझन झाला रे, आणि तुझ्याच परळमध्ये! वाडिया मूव्हीटोनचा तूफानी टारझन, १९३७, हिरो जॉन कावस. पण तो पोहणारा नव्हता, शरीर कमावलेला पैलवान गडी. वाडियांची ती जागा पुढे शांतारामबापूंनी घेतली आणि तिथे राजकमल उभं राहिलं, म्हणजे जिथे टारझन ओरडला तिथेच नंतर घुंगरू वाजले. पोहणाऱ्यांचं म्हणशील तर १९५२ च्या हेलसिंकीला मुंबईची डॉली नाझिर आणि बंगालची आरती साहा गेल्या होत्या, आरती साहानं तर १९५९ ला इंग्लिश खाडी पार केली. हिंदी सिनेमावाल्यांचं लक्षच गेलं नाही. आपल्या हिरोला पावसात भिजवायला यांना आवडतं, पोहायला लावायला नाही.

कांदिवलीचे एक वाचक: टारझनची ती आरोळी खरी की मशीनची? आणि ते हत्ती?

आरोळीचे दोन दावे आहेत. जॉनी म्हणायचा माझीच, मला योडेलिंग, म्हणजे गळ्यातून आवाज झटकन वरखाली करत गाणं, येतं. स्टुडिओवाले म्हणायचे आम्ही वेगवेगळे आवाज जोडून बनवली. माझं मत, सुरुवात त्याची आणि शेपूट साउंडवाल्यांची. हत्ती मात्र नक्की आपले, आशियाई! आफ्रिकेचे दिसावेत म्हणून त्यांना मोठे खोटे कान बांधायचे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा कानाच्या मुळाशी नीट बघा.