तेल थांबलं, पेंडीचे पैसे अडकले

प्रश्न : इंदूरला माझा सोयापेंडीचा छोटा व्यापार आहे. दीड वर्षापूर्वी इथल्याच एका प्लांटकडून उधारीवर माल उचलून मुंद्र्याहून इराणला पाठवला. ७८ लाख रुपये यायचे आहेत. तेहरानचा खरेदीदार म्हणतो, अमेरिकेच्या निर्बंधांमुळे बँकेतून पैसे निघत नाहीत. दुबईच्या एका फर्मच्या नावाने नवं बिल करून द्या, तिथून पाठवतो. इकडे प्लांटवाल्याने वकिलामार्फत नोटीस दिली आहे. निर्बंधांचं कारण दाखवून त्याचे पैसे थांबवता येतील का? आणि तेहरानच्या पैशांवर पाणी सोडायचं का?

उत्तर : नाही, आणि नाही.

आधी प्लांटवाल्याचं बघू, कारण तो जवळ आहे आणि व्याज त्याचं चढतंय. करार कायद्याचं कलम ५६ आहे ते करार पाळणं अशक्य झालं तर. तुमचा त्याच्याशी सौदा इंदुरात झाला, रुपयांत झाला. त्याने माल दिला, तुम्ही उचलला. त्यात अमेरिका येते कुठे? आयात कोळसा महागला म्हणून करार विफल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘एनर्जी वॉचडॉग’ प्रकरणात वीज कंपन्यांना सांगितलं. तुमची अडचण तर त्याहून साधी आहे, वसुली राहिली एवढीच. शिवाय प्लांटवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर फार तर ४५ दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोटिशीला तावातावाने उत्तर देऊ नका. त्याच्याकडे जाऊन बसा, हप्ते ठरवा, लेखी घ्या. छावणीच्या मंडीत उद्याही याच लोकांशी सौदे करायचे आहेत.

आता इराण. तुमचा खरेदीदार सगळंच खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. २०१२ पासून आपण इराणच्या तेलाचे काही पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत भरत होतो, आणि त्याच रुपयांतून इराण आपला तांदूळ, चहा, पेंड घ्यायचा. डॉलर नाही, न्यूयॉर्कची बँक नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने तेलावरचे निर्बंध पुन्हा लावले. भारताला मिळालेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. तोवर इराण आपल्या मोठ्या तेलपुरवठादारांपैकी एक होता. तेल थांबल्यावर त्या खात्यात भर पडेना, आणि शिल्लक हळूहळू आटत गेली. धान्य, पशुखाद्य, औषधं यांना अमेरिकेच्या नियमांतही सूट आहे, पण बँका सूट वाचत बसत नाहीत. ‘इराण’ हा शब्द दिसला की फाइल बाजूला ठेवतात.

पण पैसे यायची वाट अडली म्हणून देणं बुडत नाही. ते खरेदीदाराच्या डोक्यावर आहेच.

दुबईच्या नावाचं नवं बिल मात्र अजिबात करू नका. तुमच्या शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याला दिलेल्या कागदावर, इराणचं बंदर आहे, त्याची नोंद बँकेच्या प्रणालीत आहे. खोटं कागदपत्र दिलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, तिप्पट दंड वेगळा. म्हणजे ७८ लाखांसाठी कोट्यवधींचा धोका. तिऱ्हाइताकडून पैसे घेणं मुळात बेकायदा नाही. पण खरा खरेदीदार, खरा माल आणि पैसे देणारा तिसरा, सगळं उघड मांडून आधी तुमच्या बँकेची संमती घ्या. बँक नाही म्हणाली तर नाही.

बँकेत जाणारच आहात, तर त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्जही द्या. निर्यातीचे पैसे ठरल्या मुदतीत आणण्यासाठी वाजवी प्रयत्न केले हे फेमाखाली तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणून खरेदीदाराला पाठवलेली प्रत्येक ईमेल जोडा. हा अर्ज जीएसटीतही कामी येतो. निर्यातीवर परतावा घेतला असेल, तर मुदत उलटल्यावर तीस दिवसांत तो व्याजासह परत करावा लागतो. पण मुदतवाढ मिळाली की हे तीस दिवसही पुढे सरकतात. बहुतेक व्यापारी हे नोटीस आल्यावर शिकतात.

ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विमा कंपनीची, पॉलिसी होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर कागद आजच शोधा. परदेशातून पैसे पाठवण्यावर आलेली बंधनंही त्यात धरली जातात, पण थकबाकी वेळेत कळवावी लागते.

करारात लवादाचं कलम असेल तर ते वापरता येईल. परदेशी लवादाचे निवाडे मान्य करण्याच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा इराण सदस्य आहे, पण निवाडा हातात आला तरी पैशांना वाट हवीच. म्हणून मी आधी दावा नाही, कबुली मागेन. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते. ‘इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात’ असे त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. कंपनीच्या लेटरहेडवर, रक्कम आणि बिल क्रमांक लिहून, सहीशिक्क्यासह बाकीची कबुली मागवा. बिलाऐवजी ती द्यायला तो तयार होतो का, त्यावरून त्याची नियतही कळेल.