चारचौघांत बोलायची वेळ येते तेव्हा

प्रिय मुली,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य नव्याने आलेल्या कुटुंबाच्या रंगावरून बोलले, 'या वंशाची माणसं अशीच' म्हणाले, सगळे हसले आणि तू मान खाली घातलीस. ते तुला अजून खातंय. खाऊ दे. त्याचा अर्थ तुझं मन जागेवर आहे.

पण स्वतःला भित्री म्हणू नकोस. मोठ्या शहरात अनोळखी माणसाला सुनावून माणूस आपल्या वाटेने निघून जातो. लहान वस्तीत तसं होत नाही. जो वाईट बोलला तोच तुमच्या घरच्या आजारपणात रात्री धावून आलेला असतो आणि उद्या पुन्हा त्याच्याच दारावरून जायचं असतं. ही भीड खरी आहे. तू बोललीस तर त्याची किंमतही मोजावी लागेल: बोलावणी कमी होतील, तू आलीस की विषय बदलतील. ते कुटुंब मात्र याहून मोठी किंमत रोज मोजतंय, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

म्हणून आधी त्यांना विचार. त्यांच्या वतीने भांडायला परस्पर उभी राहू नकोस. तुझ्या भाषणानंतर लोकांचा राग बहुतेक वेळा त्यांच्यावरच निघतो. कदाचित त्यांना चारचौघांत चर्चा नको असेल, फक्त मुलाला खेळात घ्यावं एवढंच हवं असेल. 'आमचं नाव घेऊ नका' म्हणाले तर नाव घेऊ नकोस. 'हे बोलणं मला पटत नाही' एवढं स्वतःच्या नावावर म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरं, एक तरी सोबती शोध. १९५०च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. दाखवलेल्या रेघेएवढी रेघ तीन रेघांतून ओळखायची. गटातले बाकीचे आधीच ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देत. उत्तर डोळ्यांसमोर असूनही साधारण एक तृतीयांश वेळा माणसं गटाच्या चुकीला हो म्हणाली. गटात एकाने जरी खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण जेमतेम पावपट उरलं. त्या दिवशी हसणाऱ्यांतही नुसतेच ओठ हलवणारे असणार. त्यांच्यातल्या एकाशी बैठकीआधी बोल. त्याने भाषण करायला नको. तू बोललीस की 'मलाही तसंच वाटतं' म्हणालं तरी पुरे.

प्रत्यक्ष बोलताना थोडक्यात बोल, आवाज न चढवता. 'म्हणजे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?' हा प्रश्न बऱ्याचदा पुरतो, कारण असला विनोद समजावून सांगताना सांगणाराच अडखळतो. 'तुम्ही वंशद्वेष्टे आहात' मात्र म्हणू नकोस. मग त्यांनी गावासाठी काय काय केलं याची यादी सुरू होते आणि मूळ वाक्य बाजूला राहतं. वाक्यावरच बोट ठेव. 'अगं, गंमत केली, मनात तसं काही नव्हतं' हे उत्तर येणारच. २१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वांशिक भेदभावाविरुद्धचा करार स्वीकारला, त्यातल्या व्याख्येत भेदभावाचा फक्त हेतूच नाही, तर परिणामही धरला आहे. तुला बैठकीत करार वाचून दाखवायचा नाही. पण मनात नसलं तरी इजा होते, हे तिथे ठामपणे सांग.

हा सगळा सबुरीचा सल्ला बोलण्यापुरता. घर नाकारलं, कामावरून काढलं, मुलाला मारहाण झाली, धमकी आली, तर गोड बोलण्यात वेळ घालवू नका. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेव आणि त्या कुटुंबाची तयारी असेल तर तक्रारीला त्यांच्यासोबत जा. अशा वेळी 'आपापसात मिटवा' म्हणणारे खूप भेटतात. त्या मिटवण्यात नमतं बहुधा एकाच बाजूने घ्यावं लागतं, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

त्या दिवशी गप्प राहिलीस म्हणून आता बोलता येणार नाही असं नाही. त्या सदस्यांना एकटं गाठून 'तुमचं ते बोलणं तेव्हापासून मनातून जात नाहीये' असं सांगता येतं. वयाचा मान ठेवून सांग, पण सांग. काहींचा सूर अशा वेळी, चारचौघं बघत नसताना, खरोखर बदलतो. नाहीच बदलला तर पुढच्या बैठकीत काय करायचं ते ठरवता येईल.

त्या कुटुंबाकडे मात्र या आठवड्यातच जा. काय म्हणाले ते कळव.

तुझ्या,
बाई