मूल मोबाइलशिवाय जेवत नाही, खेळायलाही जात नाही. काय करावं?

तुमची मुलगी चार वर्षांची, मोबाइल समोर असल्याशिवाय घास गिळत नाही, खाली खेळायला जा म्हटलं की रडते. आमच्याकडे अगदी हेच होतं, म्हणून लिहितोय.

आधी सांगा, ती दिवसाला दूध किती पिते?

आमचा मुलगा चार ग्लास प्यायचा. म्हशीचं, वर चॉकलेटची पावडर. साताऱ्याहून आई राहायला आली होती आणि तिचा हिशेब सोपा होता. पोळी नाही खाल्लीस ना, मग दूध तरी घे. वरणभाताची ताटली घेऊन ती त्याच्यामागे फिरायची, चिऊकाऊने भागलं नाही की मोबाइल. सातला सुरू झालेलं जेवण साडेआठला संपायचं. पुढे खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.९. या वयात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय. दुधात लोह नावालाच असतं, पोट मात्र भरतं आणि बाकीच्या जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. दोन कपांवर आणा, म्हणाले.

घरी महाभारत. "दुधाने कधी कुणाचं वाईट झालंय?" असं आई, आणि फोनवर दादा, "आपण याच दुधावर वाढलो." अरे, आपण शाळेतून आलो की दप्तर फेकून दिवेलागणीपर्यंत रानात हुंदडायचो! घरी येऊन शिळी भाकरीसुद्धा सोडायचो नाही. माझं पोरगं सोफ्यावरून पलंगावर जायचं, तेवढीच त्याची धावपळ. हे त्या दिवशी सुचलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाला ३ तास हालचाल हवी, त्यातला तासभर तरी दम लागेल अशी. मग मी रोज संध्याकाळी त्याला पार्किंगमध्ये न्यायला लागलो. नुसतं जा म्हणून कोणी जात नाही, आपण जावं लागतं. विषामृत, लंगडी, शेजारची दोन पोरं. वर आलो की सगळ्यांची ताटं एकदम. काय वाढायचं ते आम्ही ठरवणार, किती खायचं ते तो. अर्ध्या तासाने ताट उचलायचं. दोन रात्री जवळपास उपाशी झोपला, आई माझ्याशी बोलेना. आठवडाभराने मेथीचं थालीपीठ मागून घेतलं.

मोबाइलचं म्हणाल तर जेवताना तुमचाही आत ठेवा. यापलीकडे मला काही सापडलेलं नाही.

वजन घटत असेल तर माझं ऐकू नका, डॉक्टर गाठा. आणि हो, लोहाचं औषध तीन महिने चालू होतं, ते सांगायचं राहिलंच. दादा म्हणतो भूक त्यानेच लागली, खेळून नाही. औषध बंद होऊन दोन वर्षं झाली, दादा. परवा तुझ्याच घरी त्याच्यासाठी वहिनीने पुन्हा तवा चढवला, विचार तिला.