परदेशातील स्वयंसेवा: जाण्याआधी काय विचारावे?

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात वीसेक वर्षे परिचारिका आहे आणि माझे पती माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. आरोग्य व शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेतर्फे आफ्रिकेतील मलावी या देशात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जावे, असे आम्हा दोघांना वाटते. आमचा तेथे खरोखर उपयोग होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होईल, आणि तो आपल्या अनुभवामुळेच होईल. व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही परदेशी स्वयंसेवक पाठवणारी ब्रिटिश संस्था १९५८ मध्ये अ‍ॅलेक आणि मोरा डिक्सन या दाम्पत्याने सुरू केली, तेव्हा ती नुकतीच शाळा संपवलेल्या तरुणांना परदेशी पाठवत असे. पुढे मात्र अनुभवी परिचारिका, डॉक्टर आणि शिक्षक यांचीच निवड होऊ लागली. माझ्या मते हा बदल अगदी योग्य होता.

तरीही पहिला प्रश्न संस्थेला विचारावा : आम्ही कोणाच्या जागी काम करणार, की कोणाच्या बरोबरीने? मलावीत १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि वर्ग इतके भरले की एका शिक्षकापुढे शंभराहून अधिक मुले बसू लागली. अशा शाळेत परदेशी पाहुण्याने वर्षभर एक वर्ग सांभाळला, तर तो परतल्यावर शिक्षकाची जागा पुन्हा रिकामीच राहते. त्याऐवजी मोठ्या वर्गात गट पाडून कसे शिकवावे, हे त्याने तेथील शिक्षकांसोबत बसून ठरवले, तर ते काम त्याच्या पश्चातही चालते. आपल्या पतींना भाषेची अडचण कमी येईल, कारण तेथील माध्यमिक शिक्षण इंग्रजीत चालते. आपल्याला मात्र बाळंतिणीशी बोलण्यापुरती चिचेवा शिकावीच लागेल.

आपल्या कामाबद्दल मला विशेष आशा वाटते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेने धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे इनक्युबेटरच्या टंचाईतूनच पुढे आली. तिला वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत. आपण ती रोज वापरत असाल, त्यामुळे जेथे यंत्रे अपुरी आहेत तेथे परिचारिकांना ती हातात हात धरून शिकवण्यास आपल्याइतके योग्य कोण?

भरती करणारी संस्थाच मोठे शुल्क मागत असेल, तर सावध राहावे. चांगल्या संस्था विमानभाडे, निवास, विमा आणि स्थानिक राहणीमानापुरता भत्ता देतात. पगार देत नाहीत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मलावीत पुरत नाही, तेथील परिचर्या परिषदेचीही परवानगी लागते, आणि त्यास वेळ लागतो. आपण शासकीय सेवेत असल्याने रजेचा निवृत्तिवेतनावर काय परिणाम होईल, हे लेखी घ्यावे. मलेरियाप्रतिबंधक औषधांबरोबरच, रुग्णालयात सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत सुरू करावी लागणारी एचआयव्हीप्रतिबंधक औषधे नेमणुकीच्या गावी मिळतात का, तेही विचारून घ्यावे.