स्पॉन्सर लेक, पण व्हिसा आई-बाबांचा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीला असतात, दोघं आयटीत, एच-वन व्हिसावर. एप्रिलच्या मध्याला तिची डिलिव्हरी आहे, पहिलीच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आता माहेरच तिकडे न्यायची वेळ आलीय. ती म्हणते मी स्पॉन्सर लेटर आणि बँकेचे कागद पाठवते, की तुमचं काम झालंच. इथला एक एजंट म्हणतो डिलिव्हरीचं नावच काढू नका, फिरायला चाललो सांगा. त्यात ह्यांची हापूसची कलमं आहेत, एप्रिल-मेमधे ह्यांना मान वर करायला फुरसत नसते. इन्कमटॅक्स रिटर्न पण आम्ही कधी भरलेला नाही. काय करावं? (एक आई, देवगड)

उत्तर: काकू, आधी त्या एजंटचा निकाल लावू. त्याचं अजिबात ऐकू नका. लेकीच्या बाळंतपणाला जाणं हे व्हिजिटर व्हिसासाठी, म्हणजे बी-१/बी-२ साठी, सरळ चालणारं कारण आहे, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. आणि लपवलंत, पुढच्याच प्रश्नात मुलीला काय विशेष असं विचारलं आणि तुम्ही चाचपडलात, तर होणारं काम बिघडेल. खोटं बोलून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असा शिक्का बसला तर ती बंदी कायमची असू शकते. एजंटचं काय जातं, त्याचे पैसे त्याने आधीच घेतलेले असतात.

आता स्पॉन्सर. ही कल्पना आपल्याकडे इतकी घट्ट बसलीय की काय सांगू. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला निमंत्रणपत्र किंवा मुलांचं अ‍ॅफिडेव्हिट लागत नाही, हे त्यांच्या परराष्ट्र खात्यानेच लिहून ठेवलंय. कॅनडाच्या सुपर व्हिसाला मुलाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या कमाईचा पुरावा लागतो, ते कुठेतरी ऐकून लोक अमेरिकेलाही तेच लावतात. फॉर्ममधे खर्च कोण करणार असं विचारतात तिथे मुलीचं नाव घाला, खरं असेल तर त्यात काही गैर नाही, पण तिचा पगार कितीही असला तरी त्यावर तुमचा व्हिसा होत नाही. तिकडच्या कायद्यात २१४(बी) म्हणून कलम आहे, त्याप्रमाणे येणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालतात आणि तसं नाही हे पटवायचं काम तुमचं. उलट मुलगी तिकडे छान सेटल आहे, पैसे भरपूर आहेत, नातवंड येतंय, हे सगळं तर तुम्ही तिथे राहून जाल याच बाजूला वजन टाकतं, नाही का?

म्हणून तुमचं बळ देवगडात आहे, न्यू जर्सीत नाही. बाग आहे, दोन महिने माणूस हलू शकत नाही, पावसानंतर कलमांची निगा आहे, मोहोर येताना फवारणी आहे, गणपतीला घर उघडं लागतं. काकांना विचारलं की सोबत का जात नाही, तर जसं आहे तसं सांगायचं, माझा आंबा चालू असतो, मी जूनमधे जाणार. ह्याहून चांगलं उत्तर वकिलालाही सुचायचं नाही. सातबारा, बँकेचं पासबुक, वाशीच्या दलालाकडून आलेल्या आंबाविक्रीच्या पट्ट्या एका फायलीत घाला. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, दुसरं काही करपात्र उत्पन्न नसेल तर रिटर्न नाही म्हणून ओशाळायचं कारण नाही. बहुतेक वेळा खिडकीवरचा ऑफिसर कागद मागतच नाही, दोनतीन मिनिटं बोलतो आणि ठरवतो, तरी फाईल जवळ असली की आपला जीव थाऱ्यावर राहतो. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते. मुलीने पाठ करून घेतलेलं इंग्रजी बोलायला जाऊ नका.

मुलाखत दोघांनी एकत्र द्या, तिकिटं वेगळी काढा. व्हिसा मिळाला म्हणून एकत्रच जायला पाहिजे असं काही नाही, साधारण दहा वर्षांचा मिळतो. पण दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे तिकडे दहा वर्षं राहायची मुभा नव्हे, एका खेपेला किती राहायचं ते तिकडच्या एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो. बहुतेकदा सहा महिने देतात, ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तिकडे शिरल्याच्या नोंदीवर असते, ती मुलीला ऑनलाईन काढून बघायला सांगा आणि त्याच्या आत परत या. तुम्ही एप्रिलच्या सुरुवातीला गेलात आणि काका जूनमधे आले तर दोघांच्या तारखा वेगळ्या असणार हेही ध्यानात ठेवा. किती दिवस राहणार विचारलं की सहा महिने असं घोकलेलं उत्तर देऊ नका, खरा बेत सांगा.

अजून एक, तिकडे जाऊन काय करणार ह्या प्रश्नाला काहीजण बेबीसिटिंग म्हणतात. मुलीजवळ राहणं, तिच्या पथ्यपाण्याचं बघणं, बाळाला न्हाऊमाखू घालणं, हे कुठलीही आई करते. पण मुलीला ऑफिसला जाता यावं म्हणून पाळणाघराच्या बदली आजी आणून ठेवायची असा बेत असेल तर तो ऑफिसरच्या नजरेत कामासारखा दिसतो. तसा बेत असेल तर शब्द बदलू नका, बेतच बदला.

आणि वेळ लावू नका. गरोदर नातेवाईकाच्या मदतीला जायचंय हे कारण तातडीच्या अपॉइंटमेंटला चालत नाही, त्यांच्या नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. फी माणशी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. तारीख एकदाच फुकट बदलता येते, मग परत फी. आधी कुठलातरी लवकरचा स्लॉट मिळाला म्हणून बँकॉकला जाऊन यायची टूम होती, ती २०२५ च्या सप्टेंबरपासून बंद झालीय, आपल्या देशातच अर्ज करायचा. माझं तर म्हणणं, लेक तिकडे संसाराला लागली की गोड बातमीची वाट न बघता आई-बाबांचा व्हिसा काढून ठेवावा, दहा वर्षं कुठे पळून जात नाहीत.

मुंबईत दोन अपॉइंटमेंट असतात, एक बोटांचे ठसे आणि फोटोची, दुसरी मुलाखतीची, जमल्यास लागून दोन दिवस घ्या म्हणजे कणकवलीवरून दोनदा गाडी पकडायला नको. कोकणकन्येने पहाटे उतरून तसंच धावतपळत बीकेसीतलं कॉन्सुलेट गाठायचा विचार करू नका, एक दिवस आधी जा, आणि पावसाळ्यातली तारीख असेल तर दोन दिवस आधी. कॉन्सुलेटमधे मोबाईल नेता येत नाही, कोणी भाचा-पुतण्या बाहेर थांबला तर बरं.

प्रश्न: बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. तिची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यात एक आणि पॅनवर एक. शिवाय फॉर्ममधे तिच्या आई-वडिलांची जन्मतारीख विचारतात, ती कोणालाच माहीत नाही. मुलगा म्हणतो फॉर्म मीच तिकडून भरतो. चालेल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: चालेल, पण आधी पासपोर्ट. व्हिसा पासपोर्टवरच्या नावावर मिळतो, आधारवर काय आहे ह्याने फारसं बिघडत नाही, तरी पुढे तिकीट, इन्शुरन्स सगळं त्याच नावाने काढायचं हे मुलाच्या डोक्यात भरा. जन्मतारखेचा घोळ मात्र मिटवून घ्या. पासपोर्टला जन्मदाखला सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, तुमच्या आमच्या पिढीला शाळा सोडल्याचा दाखला, पॅन वगैरे चालतं, पण दोन कागदांवर दोन तारखा असतील तर कुठलीतरी एक पकडून बाकीचं दुरुस्त करावं लागणार. आमच्याकडे जूनमधे जन्मलेली माणसं कमी नाहीत, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली १ जून.

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाईन फॉर्म, मुलाने भरला तर शेवटी कोणी मदत केली का ह्या प्रश्नाला हो म्हणायचं आणि त्याचं नाव द्यायचं. सबमिट करायच्या आधी बायकोला प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवायची, सही तिचीच समजली जाते. आई-वडिलांची जन्मतारीख माहीत नाही असं निवडायची सोय आहे, अंदाजाने काहीतरी टाकू नका. फॉर्म मधेमधे सेव्ह करत जा, वीस मिनिटं हात लागला नाही की तो बाहेर फेकतो, आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलाच ठाऊक. आधी कधी व्हिसा नाकारला असेल तर तेही खरं लिहायचं. नकारावर अपील नसतं, परत फी भरून परत अर्ज करता येतो, पण परिस्थिती काहीच बदललेली नसेल तर लगेच धावण्यात अर्थ नाही.

प्रश्न: गेल्या वर्षी आम्ही मुलाकडे साडेपाच महिने राहून आलो. आता सुनेला दुसरं बाळ होतंय. तिची आई आधी जाणार, मग आमची पाळी. वर्षात सहा महिनेच असा नियम आहे का? (आजोबा, दापोली)

उत्तर: तसा आकडा कायद्यात नाही. पण दर खेपेला सहा महिने काढून थोडे दिवस इकडे येऊन परत निघालात तर एअरपोर्टवर ऑफिसर विचारणारच की बाबा तुम्ही राहता नक्की कुठे. मधे चांगलं अंतर ठेवा आणि ह्या वेळी दोन-अडीच महिने पुरे करा. सुनेच्या आईला आधी पाठवताय हे उत्तम केलंत, सुनेलाही बरं, तुम्हालाही. आणि मुलगा अमेरिकन नागरिक असेल, तुमच्या ग्रीन कार्डची याचिका टाकायचा विचार करत असेल, तर आधी वकिलाशी बोला, कारण ती टाकली की आम्ही फक्त भेटायला येतोय हे पटवणं जड जातं.

प्रश्न: आईला शुगर आणि बीपी. इन्शुरन्स सक्तीचा आहे का, लस कुठली? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर: व्हिसासाठी सक्तीचा नाही, पण त्याशिवाय पाठवू नका, तिकडे इमर्जन्सीत एक रात्र काढली तरी बिल बघून माणूस परत आजारी पडेल. इथलं मेडिक्लेम बहुतेक परदेशात चालत नाही. पॉलिसी घेताना आधीपासून असलेल्या आजारांचं कलम शेवटपर्यंत वाचा, बऱ्याच स्वस्त पॉलिसी शुगर-बीपीचा नेहमीचा खर्च देतच नाहीत, अचानक बिघडलं तरच थोडंफार देतात. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. लशीचं म्हणाल तर तान्ह्या बाळाजवळ जाणाऱ्यांनी डांग्या खोकल्याची, म्हणजे टीडॅप, बाळाला भेटायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी असं तिकडचे डॉक्टर सांगतात, फ्लूचीही सांगतात. वेंगुर्ल्यात मिळाली नाही तर सावंतवाडीला किंवा गोव्यात चौकशी करा, निघायच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका.