ऑफिसच्या चॅटवर नवीन आहेस ना, मग हे वाच

हे बघ, सरकारी संस्थेतलं चॅट म्हणजे मित्रांचा ग्रुप नाही, इथे टाईप केलेलं ऑफिसचं रेकॉर्ड धरलं जाऊ शकतं, कुणी माहिती अधिकारात मागितलं किंवा चौकशी लागली तर तुझा मेसेज जसाच्या तसा बाहेर येऊ शकतो, तू डिलीट केलास तरी सर्व्हरवर कॉपी असू शकते. म्हणून कुणा नागरिकाचं नाव, फोन नंबर, आजारपण असलं काही चॅनेलवर टाकूच नकोस. स्क्रीनशॉट टाकताना तर दोनदा बघ, मागे उघडी राहिलेली दुसरी विंडो हमखास दिसते. नुसता अर्ज क्रमांक दे, ज्याला बघायचंय तो सिस्टीममध्ये बघेल.

उत्तर थ्रेडमध्येच, म्हणजे ज्या मेसेजला उत्तर देतोयस त्याच्याच खाली. सगळ्यांना टॅग खरंच तातडीचं असेल तरच, सगळ्यांचे फोन वाजतात रे. आणि 'सर, एक विचारायचं होतं' लिहून थांबू नकोस, प्रश्न एकदमच लिही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, साहेबांनी चॅटवर 'ओके' टाकलं म्हणजे मंजुरी मिळाली असं धरू नकोस, तो निर्णय ईमेलवर किंवा फाईलवर घेच, कारण साहेबांची बदली झाली की नवीन माणूस फाईल उघडतो, जुनं चॅट कुणी चाळत बसत नाही.