गोगलगाय, गोळी आणि गैरहजेरी : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी पश्चिम केनियातल्या माझ्या सात वर्षांबद्दल लिहिलं होतं. राहायला किसुमू शहरात आणि काम आसपासच्या गावांत. घरोघर बसून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या : कोण आजारी पडलं, पाणी कुठून आणता, मूल शाळेत गेलं का. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तिघांना इथे उत्तर देते.

ताई, जंताच्या गोळीने मुलं शाळेत जास्त यायला लागली असं तुम्ही लिहिलंत. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळा सुधारते ती चांगल्या शिक्षकांनी आणि पुस्तकांनी. गोळीने शिक्षण कसं सुधारेल? — एक निवृत्त शिक्षिका

बाई, तुमची शंका रास्त आहे, आणि तिच्यातला अर्धा भाग संशोधनातूनच खरा ठरला आहे.

बुसिया हा केनियाचा युगांडाच्या सीमेला लागून असलेला भाग. तिथल्या 75 प्राथमिक शाळांमध्ये 1998 पासून एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी जंतनाशकाचा परिणाम तपासला. औषध सगळ्या शाळांना एकदम मिळालं नाही. तीन गट होते : पहिल्याला 1998 मध्ये, दुसऱ्याला 1999 मध्ये आणि तिसऱ्याला 2001 मध्ये. त्यामुळे औषध मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या शाळा शेजारी शेजारी ठेवून बघता आल्या. हजेरीसाठी ते हजेरीपटावर विसंबले नाहीत. न कळवता शाळेत जायचं आणि वर्गात बसलेली डोकी मोजायची. गैरहजेरी जवळपास पाव हिश्श्याने घटलेली दिसली. परीक्षेचे गुण मात्र हलले नाहीत. तिथे तुमचंच म्हणणं खरं. मूल वर्गात येऊन बसलं म्हणजे ते शिकलंच असं नाही.

2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हेच आकडे पुन्हा तपासले. मूळ गणितात चुका निघाल्या, विशेषतः औषध मिळालेल्या शाळांपासून लांबच्या शाळांनाही किती फायदा झाला ते मोजताना. मोठा वाद झाला, अजूनही होतो. सगळं वाचून माझं मत असं की हजेरीचा मुद्दा टिकतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच मुलांना वीस वर्षांनी गाठलं गेलं. ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त औषध मिळालं होतं, त्यांची तासाची कमाई सुमारे 13 टक्क्यांनी जास्त निघाली.

गोळीचा दिवस कसा असतो ते सांगते. बिल्हार्झिया म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताचा आजार. त्याच्या गोळ्या मुलाच्या वजनाप्रमाणे द्याव्या लागतात, पण शाळेत वजनकाटा कुठला असायला? म्हणून भिंतीला एक पट्टी उभी करतात. तिच्यावर उंचीच्या खुणा आणि प्रत्येक खुणेसमोर गोळ्यांचा आकडा : दीड, दोन, अडीच. मूल पट्टीला पाठ लावून उभं राहतं आणि शिक्षक डोक्यावर तळहात आडवा धरून आकडा वाचतात. गोळी मोठी आणि कडू असते, रिकाम्या पोटी दिली की मळमळतं. माझ्या पहिल्या फेरीत एका शाळेत मुलं काही न खाता आली होती. मुख्याध्यापिकेने वाटप थांबवलं, मोठ्या पातेल्यात उजी म्हणजे पिठाची पातळ पेज शिजवली, मुलांना प्यायला दिली, आणि मगच डबा उघडू दिला. आमचं वेळापत्रक कोलमडलं. तिचंच बरोबर होतं.

आता पुस्तकांचं. त्याच भागात पुस्तकांचाही प्रयोग झाला. सरासरी गुण वाढले नाहीत. जी मुलं आधीच हुशार होती, तेवढ्यांनाच फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत. घरात लुह्या किंवा लुओ, बाजारात स्वाहिली, म्हणजे बऱ्याच मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. ज्याला पान वाचताच येत नाही, त्याच्या हातात नवं कोरं पुस्तक देऊन काय होणार? हे तुमच्याइतकं कोणाला कळेल?

आरोग्य आणि शिक्षण समजलं. पण यात पर्यावरण कुठून आलं? आजारी मुलाला औषध द्यावं आणि मोकळं व्हावं. — एक वाचक

मोकळं होता येत नाही, हीच तर अडचण आहे. बिल्हार्झियाची गोळी अंगातले मोठे जंत मारते. पुन्हा लागण होणं तिच्याने थांबत नाही. या जंताचं अर्धं आयुष्य गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत जातं. तिच्यातून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. गोळी सोमवारी घेतली आणि मंगळवारी मूल घागर घेऊन त्याच पाण्यात गुडघाभर उतरलं, तर काय साधलं?

म्हणून तुम्हाला सेनेगलला नेते. सेनेगल नदीच्या मुखाजवळ डियामा इथे 1986 मध्ये धरण झालं. समुद्राचं खारं पाणी नदीत चढू नये आणि वरच्या भागात वर्षभर शेती व्हावी, हा हेतू. तो साधला. ऊस झाला, भात झाला. पण खारेपण गेलं तसा गोगलगायींना अडसरही उरला नाही. त्यातच गोगलगायी खाणाऱ्या नदीतल्या कोळंबीची वाट धरणाने अडवली, कारण तिच्या पिल्लांना वाढायला मुखाजवळचं मचूळ पाणी लागतं. 1988 मध्ये रिशार-तोल या उसाच्या गावात आतड्यांच्या बिल्हार्झियाचे रुग्ण दिसू लागले आणि पुढे साथ वणव्यासारखी पसरली. धरण बांधणाऱ्यांच्या मनात कोणाचं वाईट करायचं नव्हतं. पाण्याचा हिशोब झाला होता, पाण्यात उतरणाऱ्या मुलांचा झाला नव्हता. याची मला आजही चीड येते.

पुढचा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडतो. शेतातलं खत वाहून नदीत येतं आणि पाणवठ्याशी पाणवनस्पतींचं रान माजतं. गोगलगायी त्याच रानात राहतात. संशोधकांनी 16 गावं निवडली. काही गावांच्या पाणवठ्यांवरून ही झुडपं ओढून काढली, बाकीच्या गावांत तशीच ठेवली. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साफ केलेल्या पाणवठ्यांवर गोगलगायी जवळजवळ आठ पटींनी कमी झाल्या आणि शाळकरी मुलांमध्ये आतड्यांच्या बिल्हार्झियाची पुन्हा लागण सुमारे एक तृतीयांशाने घटली. बाहेर काढलेला पाला वाया गेला नाही. त्याचं खत करून घातलं तर कांदा आणि मिरचीचं पीक वाढलं. गुरांना चारा म्हणूनही तो चालला, तोही विकतच्या चाऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्तात.

एका पाणवठ्यावरच्या त्या ओल्या ढिगात मुलाचं आरोग्य आहे, त्याची हजेरी आहे, नदी आहे आणि आईच्या वाफ्यातला कांदाही आहे. हे चार विषय चार खात्यांत वाटून टाकले की यातलं काहीच दिसत नाही.

पश्चिम केनियातलं असंच एक काम सांगते. उघड्या झऱ्याचं तोंड सिमेंटने बांधून पाणी पाइपातून काढलं, तर उगमाशी विष्ठेचं प्रदूषण 66 टक्क्यांनी घटलं. घरी साठवलेल्या पाण्यात मात्र इतका फरक पडला नाही, कारण नेताना आणि ठेवताना पाणी पुन्हा घाण होतं. तरीही लहान मुलांचे जुलाब पाव हिश्श्याने कमी झाले. नंतर झऱ्यालगतच क्लोरिनच्या टाक्या बसवल्या गेल्या : कळ फिरवली की घागरीपुरतं मापाचं औषध पडतं आणि घर येईपर्यंत पाण्यात मुरतं.

ताई, मला पीएचडीसाठी आफ्रिकेतल्या गावांत सर्वेक्षण करायचं आहे. प्रश्नावली तयार आहे. निघण्याआधी काय करू? — एक विद्यार्थी

आधी प्रश्नावली बाजूला ठेव. माझ्या पहिल्या वर्षाच्या फॉर्मांवर असं दिसत होतं की गावातल्या मुली सकाळी अकरा वाजता पाण्याला जातात. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं की पाण्यापायी शाळा बुडते. खरी गोष्ट वेगळीच होती. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ‘सा कुमी ना मोजा’ याचा शब्दशः अर्थ अकरा, पण वेळ पहाटे पाचची. मुली अंधारात पाणी भरून मग शाळेत जात होत्या आणि वर्गात पेंगत होत्या. एका शब्दाने अख्खं दुखणं बदललं. ती सगळी घरं पुन्हा पालथी घालावी लागली. तेव्हा भाषा शीक, निदान वेळ, नाती आणि आजार यांचे शब्द तरी. फॉर्म गावातल्या माणसाकडून भाषांतरित करून घे, आणि दुसऱ्याच माणसाला तो परत तुझ्या भाषेत सांगायला लाव.

दुसरं, परवानगी. विद्यापीठाची आणि त्या देशाची परवानगी लागतेच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली : आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली रीत. त्यामागे जुनी जखम आहे. शिकारीच्या लांब वाटेवर भूक मारायला ते हूडिया नावाची काटेरी वनस्पती चघळतात. 1990 च्या दशकात एका संशोधन संस्थेने त्या गुणाचं पेटंट त्यांना न विचारता घेतलं. त्यांचा वाटा मान्य करणारा करार व्हायला 2003 उजाडलं. ती संहिता निघण्याआधी वाचून घे.

आणि निकाल परत नेऊन सांग. मी ज्या प्रकल्पात होते, त्यात ही तरतूदच नव्हती. शेवटच्या फेरीत एका आजींनी मला दारातच थांबवलं. त्यांच्या नातवाच्या शौचाचा नमुना आम्ही दोनदा नेला होता. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आमची घाणसुद्धा उचलून नेलीत, त्यात काय निघालं ते सांगायला कोणी आलं नाही.’ मी रजेचे चार दिवस काढून त्या गावात बसले आणि घरागणिक निकाल वाचून दाखवले. त्या आजींचं घर यादीत अकरावं होतं. नातू जंतमुक्त निघाला होता. त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि घडी घालून कांगाच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाच्या, टोकाला गाठीत बांधला.